तेलाच्या आधीचा कायदा

नॉर्वेचं नाव निघालं की आपल्याकडची चर्चा दोन वाक्यांत संपते. ‘त्यांना तेल सापडलं’ हे एक, आणि ‘पंचावन्न लाखांचा देश, त्यांना काय अवघड’ हे दुसरं. गोव्यातल्या खाणींवरच्या एका परिसंवादात एका मान्यवर अर्थतज्ज्ञांनी हीच दोन वाक्यं ठामपणे मांडली आणि विषय मिटला. मला हा युक्तिवाद चुकीचा वाटतो, आणि त्याहून जास्त घातक वाटतो. एकदा नशिबाचं नाव पुढे केलं की कोणत्याही सरकारला, कोणत्याही खाणमालकाला जाब देण्याचं कारण उरत नाही.

नशीब म्हणावं असं त्या भूमीत फारसं नव्हतं. मुख्य भूमीचं क्षेत्रफळ सुमारे ३.२४ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राहून थोडंसं मोठं. त्यातली जेमतेम तीन टक्के जमीन नांगराखाली येते. बाकी डोंगर, जंगल, बर्फ आणि आत घुसलेल्या समुद्राच्या अरुंद खाड्या. १८२५ नंतरच्या शंभर वर्षांत सुमारे आठ लाख माणसं हा देश सोडून अमेरिकेला गेली.

राहिलं तेल. उत्तर समुद्राची मध्यरेषा ब्रिटन आणि नॉर्वे यांनी १९६५ मध्ये आखून घेतली आणि रेषेच्या दोन्ही बाजूंना तेल निघालं. ब्रिटनने तेलाचं उत्पन्न दर वर्षाच्या अर्थसंकल्पात मिसळून खर्च केलं आणि सरकारी तेल कंपनीचा उत्पादनाचा व्यवसाय १९८२ पासून विकायला काढला. नॉर्वेने १९७२ मध्ये स्वतःची कंपनी काढली, तेल कंपन्यांच्या नफ्यावरचा एकूण कर पुढे ७८ टक्क्यांपर्यंत नेला, १९९० मध्ये तेलाचं उत्पन्न साठवणाऱ्या निधीचा कायदा केला आणि १९९६ मध्ये त्यात पहिली रक्कम भरली. २०२४ अखेर त्या निधीत सुमारे १९.७ लाख कोटी क्रोनर होते. सगळी गुंतवणूक देशाबाहेर. सरकारने वर्षाला निधीच्या साधारण तीन टक्केच वापरायचे. समुद्र तोच असताना एका देशाकडे निधी आहे आणि दुसऱ्याकडे नाही. नशिबाच्या सिद्धांताकडे याचं उत्तर नाही.

अभ्यासक याचं श्रेय संसदेने १९७१ मध्ये मान्य केलेल्या तेलविषयक दहा तत्त्वांना देतात, आणि फारुक अल-कासिम यांना. बसऱ्याचे हे भूगर्भशास्त्रज्ञ आजारी मुलाच्या उपचारांसाठी १९६८ मध्ये नॉर्वेत आले आणि तिथल्या उद्योग मंत्रालयाला तेलाचा व्यवहार शिकवू लागले. त्यांचं काम मोठं आहे, वादच नाही. पण अल-कासिम यांचा सल्ला मुकाट्याने ऐकणारं मंत्रालय तिथे आधीपासून होतं, ते कुठून आलं? मला त्यासाठी आणखी साठ वर्षं मागे, योहान कास्टबर्ग यांच्यापर्यंत जावं लागतं.

१९०५ मध्ये नॉर्वे स्वीडनपासून वेगळा झाला. त्याच वर्षी धबधब्यांच्या विजेवर खत बनवण्यासाठी नॉर्स्क हायड्रो ही कंपनी उभी राहिली, प्रामुख्याने स्वीडिश आणि फ्रेंच भांडवलावर. धबधब्यांना अचानक भाव आला. ज्या शेतकऱ्याच्या जमिनीतून नदी कोसळायची, त्याच्याकडून दलाल ती किरकोळ पैशांत लिहून घेऊ लागले. देश नवा, तिजोरी रिकामी, भांडवलाची नितांत गरज. अशा वेळी दारं सताड उघडावीत, हाच सल्ला आजही दिला जातो. नॉर्वेच्या संसदेने १९०६ मध्ये घाईघाईने कायदा केला की सरकारच्या परवानगीशिवाय परदेशी माणसाला धबधबा विकत घेता येणार नाही.

कास्टबर्ग यांना एवढं पुरेसं वाटलं नाही. गुनार क्नुडसेन यांच्या मंत्रिमंडळात न्यायमंत्री असताना त्यांनी रेटलेला १९०९ चा कायदा देशी खासगी कंपन्यांनाही लागू झाला. धबधब्याचा परवाना जास्तीत जास्त साठ ते ऐंशी वर्षांचा. मुदत संपली की धबधबा, धरण आणि पाणी वाहून नेणारे बोगदे विनामोबदला सरकारच्या मालकीचे. विजेचा ठराविक वाटा स्थानिक नगरपालिकेला द्यायचा. कास्टबर्ग यांच्यावर अमेरिकी विचारवंत हेन्री जॉर्ज यांच्या विचारांचा प्रभाव होता. जमिनीचा वाढलेला भाव मालकाने कमावलेला नसतो, तो समाजाचा असतो, हा जॉर्ज यांचा आग्रह. कास्टबर्ग यांनी तो पाण्याला लावला. हाच माणूस पुढे १९१५ मध्ये विवाहबाह्य संततीला बापाचं नाव आणि वारसा देणाऱ्या कायद्यामागे उभा होता. दोन्ही कायद्यांत मला एकच बुद्धी दिसते: जन्माने किंवा योगायोगाने हाती आलेल्या गोष्टीवर एकट्याचा हक्क सांगता येत नाही.

मालमत्तेचा हक्क बुडतो म्हणून धबधब्यांचे मालक न्यायालयात गेले. १९१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने कायदा उचलून धरला. आणि ही बाब इतिहासजमा झालेली नाही. २००७ मध्ये युरोपीय मुक्त व्यापार संघटनेच्या न्यायालयाने आक्षेप घेतला, की खासगी कंपन्यांना मुदत आणि सरकारी कंपन्यांना मुदतच नाही, हा भेदभाव आहे. नॉर्वेने मुदतीची अट सैल केली नाही. मोठ्या धबधब्यांचे नवे परवाने किमान दोन-तृतीयांश मालकी सार्वजनिक असेल तरच मिळतील, असा कायदा २००८ मध्ये करून टाकला. शंभर वर्षांत सरकारं डावी आली, उजवी आली. हे सूत्र टिकलं. १९६९ च्या अखेरीस उत्तर समुद्रातल्या एकोफिस्क क्षेत्रात तेल सापडलं तेव्हा नॉर्वेला नवा विचार करावा लागला नाही. पाण्याचा नियम समुद्रतळाला लावायचा होता.

लहान देशाच्या मुद्द्याला मी फार जागा देत नाही. लहान आणि तेलाने श्रीमंत देश जगात आणखी आहेत. त्यांतल्या किती ठिकाणी नागरिक सरकारला हिशेब विचारू शकतात? पण ‘सगळे एकाच रक्ताचे, म्हणून जमलं’ या आणखी एका दाव्यापाशी मला थांबावंच लागतं, कारण तो खोटा आहे आणि त्याच्या खोटेपणातून माझ्याही मांडणीला तडा जातो.

उत्तरेत सामी लोक राहतात, त्यांतले काही रेनडिअरचे कळप घेऊन फिरणारे. अल्टा नदीवर धरण बांधायचं ठरलं तेव्हा १९७९ मध्ये सामी तरुण संसदेसमोर उपोषणाला बसले. १९८१ मध्ये शेकडो पोलीस पाठवून आंदोलकांना हटवलं गेलं आणि धरण झालं. पुढे सामी संसद स्थापन झाली, राज्यघटनेत त्यांच्यासाठी तरतूद आली. तरीही फॉसेन द्वीपकल्पावर त्यांच्या हिवाळी कुरणांत १५१ पवनचक्क्या उभ्या राहिल्या. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०२१ रोजी एकमताने ते परवाने अवैध ठरवले. पाती फिरतच राहिली. ५०० दिवस उलटल्यावर तरुणांनी मंत्रालयांची दारं अडवली, तेव्हा सरकारने माफी मागितली. शेवटी मोबदल्याचे करार झाले आणि पवनचक्क्या जागेवरच राहिल्या. धबधबा राष्ट्राचा, हे कास्टबर्ग यांनी सिद्ध केलं. पण राष्ट्र म्हणून कोणाला मोजायचं, याचं उत्तर त्यांच्या कायद्यात नाही. सार्वजनिक मालकीच्या नावाने दुर्बलाची जमीन घेणं नॉर्वेलाही सोपं गेलं. स्वतःची वीज बहुतांश पाण्यावर, २०२४ मध्ये विकलेल्या दहापैकी नऊ नव्या मोटारी विजेवरच्या, आणि तेल-वायू मात्र इतरांना जाळायला विकायचा, हाही त्याच हिशेबाचा भाग आहे. म्हणून नॉर्वे आदर्श आहे असं मी म्हणणार नाही. तो पुरावा आहे, आणि पुरावा एवढाच की जमिनीखालच्या धनाचं काय होतं हे कायदा ठरवतो.

गोव्याला हा पुरावा परका नाही. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने लोहखनिजाच्या विक्रीतला दहा टक्के वाटा पुढच्या पिढ्यांसाठी कायम निधीत टाकण्याचा आदेश दिला. हा खटला लढवणाऱ्या गोवा फाउंडेशनची मागणी त्याहून मोठी आहे: खनिज म्हणजे वारसा, त्याची पूर्ण किंमत वसूल व्हावी आणि निधीतच जावी. ती मागणी मला रास्त वाटते, एका अटीवर. ज्यांच्या विहिरी आटल्या आणि ज्यांच्या शेतांत खाणीचा गाळ उतरला, त्या डिचोली-सांगे भागातल्या गावांना निर्णयात वाटा मिळायला हवा. फॉसेनसारखा निकालानंतरचा मोबदला पुरेसा नाही. गोव्याच्या आमदारांनी खाणपट्ट्यांचे पुढचे लिलाव होण्याआधी विधानसभेत ही चर्चा घ्यावी, आणि मतदारांनी ती त्यांना घ्यायला लावावी.