घरातील यश आणि त्याचे वाटेकरी




उन्हाळा सरू लागला की आमच्या वैरागमध्ये दोन गोष्टी एकाच वेळी नजरेस पडतात. एकीकडे पावसाच्या आत घर नीट करून घेण्याची लगबग असते. कोणी घरावरचे पत्रे बदलतो, कोणी पाठीमागच्या खोलीची भिंत उचलतो, तर कोणी वर्षानुवर्षे राहून गेलेला गिलावा पुरा करून घेतो. दुसरीकडे दहावी-बारावीचे निकाल लागतात आणि बार्शी-सोलापूर रस्त्याच्या कडेला अभिनंदनाचे फलक उभे राहतात. मध्यभागी उत्तीर्ण झालेल्या मुलाचे मोठे छायाचित्र असते आणि खाली 'शुभेच्छुक' म्हणून लहान लहान चेहऱ्यांची रांग. त्या रांगेत गल्लीतील पुढारी असतो, दुकानदार असतो, मित्रमंडळी असतात. पहाटे उठून त्या मुलाचा डबा करणारी आई मात्र तेथे क्वचितच दिसते. त्याच्या शिकवणीची फी भरता यावी म्हणून ज्याने स्वतःचे शिक्षण थांबवले, तो भाऊ तर बहुधा नसतोच.

हे फलक पाहताना एक प्रश्न मनात येतो आणि तो मी आपणापुढे ठेवू इच्छितो. घरातील एकाने मिळवलेले यश नेमके कोणाचे असते? आणि त्या यशाचा आनंद कसा साजरा केला असता तो अल्लाहला पसंत पडेल?

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आपल्यातील काही धर्मपरायण माणसांना असे वाटते की आनंद साजरा करणे म्हणजे दिखावा, आणि मुलाचे कौतुक करणे म्हणजे त्याला बिघडवणे. हा समज बरोबर नाही. सूरह अज्जुहाच्या शेवटच्या आयतीत अल्लाहने आपल्या प्रेषितांना (स.) आज्ञा दिली आहे की पालनकर्त्याने केलेल्या कृपेचा उल्लेख करीत राहावे. हजरत अबू बकरा (रजि.) यांच्या कथनानुसार आनंदाची वार्ता आली की प्रेषित (स.) अल्लाहचे आभार मानण्यासाठी सजद्यात जात असत.

दुसऱ्याच्या आनंदात सामील कसे व्हावे, याचे उदाहरण हजरत कअब बिन मालिक (रजि.) यांच्या प्रसंगात सापडते. तबूकच्या मोहिमेत ते मागे राहिले, खोटी सबब न सांगता त्यांनी आपली चूक कबूल केली आणि पन्नास दिवस कोणीही त्यांच्याशी बोलले नाही. मग त्यांची तौबा कबूल झाल्याची वार्ता आली. ती घेऊन येणाऱ्याला त्यांनी अंगावरची दोन्ही वस्त्रे देऊन टाकली आणि स्वतः उसनी वस्त्रे घालून मस्जिदीकडे निघाले. तेथे हजरत तल्हा (रजि.) उठून धावत पुढे आले, त्यांचा हात हाती घेतला आणि त्यांचे अभिनंदन केले. हजरत कअब (रजि.) सांगतात की तल्हांचे ते उठून येणे आपण कधीही विसरलो नाही. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ही दीर्घ हदीस आहे. आप्ताच्या आनंदासाठी बसल्या जागेवरून उठणे, चार पावले धावणे, हीसुद्धा दीनची शिकवण आहे.

परंतु त्याच कुरआनात सूरह अल-कससमध्ये कारूनची हकीकत आहे. त्याच्या लोकांनी त्याला बजावले की फुशारू नकोस. त्यावर त्याने उत्तर दिले की हे सारे मला माझ्यापाशी असलेल्या ज्ञानामुळे मिळाले आहे. वाचकहो, या उत्तराकडे लक्ष द्यावे. कारूनजवळ धन होते, हा त्याचा अपराध नव्हता. तो आनंदी होता, हाही नव्हता. 'माझ्यामुळे' या एका शब्दात त्याचा अपराध सामावला होता. त्या शब्दाने त्याने देणाऱ्या अल्लाहला वगळले आणि ज्या माणसांच्या हातून अल्लाहने दिले, त्यांनाही वगळले. कृपेचा उल्लेख आणि फुशारकी यांमधील सीमारेषा येथे आहे. उल्लेख करणारा देणाऱ्याचे नाव घेतो, तर फुशारणारा स्वतःचे नाव घेतो.

येथे कोणी विचारील, "मौलाना, परीक्षा तर मुलानेच दिली ना? रात्र रात्र तोच जागला. शिवाय माणसाला त्याच्या प्रयत्नाइतकेच फळ आहे, असे सूरह अन्नज्ममध्ये सांगितले आहे. मग श्रेय वाटून का टाकायचे?" आक्षेप वजनदार आहे. मुलाचे कष्ट खरेच आहेत आणि ते नाकारणे हा अन्याय होईल. परंतु ही आयत केवळ परीक्षार्थीसाठी उतरलेली नाही. प्रयत्नाला फळ असेल तर ज्या भावाने ओझी वाहिली, ज्या बहिणीने घरकाम अंगावर घेतले, त्यांचाही प्रयत्न अल्लाहच्या दरबारी लिहिला गेला आहे. तेथे कोणाची मेहनत दुसऱ्याच्या नावावर जमा होत नाही. घोटाळा होतो तो आपल्या हिशेबात, कारण आपण गुणपत्रिकेवर जे छापलेले असते तेवढेच वाचतो.

आपल्या महाराष्ट्रातीलच दोन उदाहरणे पाहू. जालना जिल्ह्यातील अन्सार शेख यांनी केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०१५ च्या परीक्षेत ३६१ वा क्रमांक मिळवला, तेव्हा ते अवघे २१ वर्षांचे होते. वडील रिक्षाचालक. आपल्या घराघरांतून हे नाव आजही आदराने घेतले जाते आणि मुलांना सांगितले जाते. परंतु ही कथा सांगताना आपण पुष्कळदा तिचा अर्धा भाग गाळतो. त्यांच्या धाकट्या भावाने सातवीच्या सुमारास शाळा सोडली आणि गॅरेजमध्ये काम धरले, त्या कमाईचा आधार या शिक्षणाला होता. दुसरे उदाहरण आमच्याच बार्शी तालुक्यातील महागावच्या रमेश घोलप यांचे. २०११ च्या परीक्षेतून ते भारतीय प्रशासकीय सेवेत गेले. त्यांची आई गावोगाव फिरून बांगड्या विकत असे, आणि डाव्या पायाला पोलिओ झालेला हा मुलगा तिच्यासोबत हिंडत असे. एका घरात गॅरेजमधले काळे हात आहेत, दुसऱ्या घरात बांगड्यांचे ओझे आहे. ते वगळून या यशाचे वर्णन करता येईल का?

पवित्र कुरआनात एका घराच्या बांधकामाचा उल्लेख आहे. सूरह अल-बकरामध्ये सांगितले आहे की हजरत इब्राहीम (अ.) आणि हजरत इस्माईल (अ.) काबागृहाच्या भिंती उचलत असताना दुआ करीत होते की हे पालनकर्त्या, आमच्याकडून हे स्वीकार कर. हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांच्या हदीसमध्ये कामाची वाटणीही आली आहे. मुलगा दगड आणून देत होता आणि पिता ते रचत होता. आपल्या बोलीत सांगायचे तर एक गवंडी होता आणि दुसरा त्याच्या हाताखालचा बिगारी. तरीही दुआ एकच आहे आणि तीत 'माझ्याकडून' असे नाही, 'आमच्याकडून' असे आहे. रचणाऱ्याचे वेगळे नाही, देणाऱ्याचे वेगळे नाही. शिवाय इतके थोर काम हातून होत असताना त्या दोघांच्या ओठांवर अभिमान नव्हता, ते स्वीकारले जाईल की नाही याची चिंता होती.

हे सारे मी मिंबरवरून अनेकदा सांगितले आहे. तथापि ते मला स्वतःला फार उशिरा समजले, हे कबूल केल्यावाचून हा लेख पुरा करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

मदरशाचे शिक्षण झाल्यावर मी बाहेरून परीक्षा देऊन मराठी विषयात बी.ए. झालो. जमातीतील मंडळींनी इशाच्या नमाजनंतर घरीच एक छोटा सत्कार ठेवला. हार झाले, पेढे झाले आणि मला बोलावयास सांगितले. मी उस्तादांचे आभार मानले, प्राध्यापकांचे मानले, पुस्तके देणाऱ्या मित्रांचे मानले. त्या वेळी माझे थोरले भाऊ, ज्यांना आम्ही भाईजान म्हणतो, पाठीमागे चहाचे कप भरत होते. अब्बांचे आजारपण सुरू झाले तेव्हा ते आठवीत होते. त्यांनी शाळा सोडली आणि बांधकामावर घमेली उचलली. पुढे ते गवंडी झाले. माझ्या मदरशाच्या प्रवासाचा, कपड्यांचा, पुस्तकांचा पैसा त्या घमेल्यांतून आला होता. मी त्यांचे नाव घेतले नाही. मनात अढी होती म्हणून नव्हे. ते घरातलेच होते, म्हणून ते मला दिसलेच नाहीत.

त्यांनी कधी तक्रार केली नाही. अम्मी मात्र त्या रात्री भांडी आवरताना एवढेच म्हणाल्या, "सगळ्यांची नावं घेतलीस बेटा, एक राहिलं." मी त्या वेळी ऐकले आणि सोडून दिले.

यंदा भाईजानची मुलगी दहावीत चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली. तिचा मोठा भाऊ दोन वर्षांपूर्वी गणितात नापास झाला होता आणि तेव्हापासून वडिलांच्या हाताखाली कामाला जातो. नातेवाइकांनी फलक लावण्याचा बेत केला, मोठ्या जेवणाची यादी केली. मुलगा त्या बैठकीतून उठून बाहेर गेला आणि अंगणात विटा रचत बसला. पाठीमागच्या खोलीचे काम त्याच आठवड्यात चालू होते. कोणी त्याला टोचून बोलले नव्हते. तरी त्याच्या बहिणीची स्तुती ज्या शब्दांत चालली होती, त्यांतील प्रत्येक शब्द त्याच्यावर तोललेला होता.

त्या वेळी मला हजरत नुअमान बिन बशीर (रजि.) यांची हदीस आठवली. त्यांच्या वडिलांनी त्यांना एक देणगी दिली आणि प्रेषितांना (स.) साक्षी राहण्याची विनंती केली. प्रेषितांनी (स.) विचारले की सर्व मुलांना असेच दिले आहे काय? नकारार्थी उत्तर येताच त्यांनी अल्लाहचे भय बाळगण्यास आणि मुलांमध्ये न्याय करण्यास सांगितले. वडिलांनी देणगी परत घेतली. ही हदीस देणगीविषयी आहे, आणि कौतुक ही देणगी मोजूनमापून वाटता येत नाही, हे खरे. परंतु ताबिईंपैकी इब्राहीम नखई सांगतात की पूर्वीचे लोक मुलांचे मुके घेण्यातही समानता राखणे पसंत करीत. न्यायाचा अर्थ असा नव्हे की उत्तीर्ण झालेल्या मुलीचे कौतुकच करू नये. तिचे कौतुक करताना दुसऱ्याला तराजूच्या पारड्यात टाकू नये, आणि त्याचा जो वाटा आहे तो उघडपणे सांगावा, असा त्याचा अर्थ आहे.

फलक लागला नाही. जेवण घरच्यांपुरते झाले, अम्मींनी जर्दा केला. जेवणापूर्वी त्या मुलीला मी एकच प्रश्न विचारला, "तुझ्या अभ्यासासाठी कोणी काय केले?" ती बोलत गेली आणि आम्ही थक्क झालो. शिकवणी सुटायला अंधार होई, तेव्हा दिवसभराच्या कामानंतर भाऊ तिला आणायला जात असे. परीक्षेच्या महिन्यात पाणी भरण्याची तिची पाळी तोच उरकत असे. हे आमच्यापैकी कोणाला ठाऊक नव्हते. मुलगा मान खाली घालून जेवत राहिला. पण त्याने जर्दा दुसऱ्यांदा मागून घेतला, आणि अम्मींच्या चेहऱ्यावरचे समाधान मी पाहिले.

दुसऱ्या दिवशी फज्रनंतर मी पाठीमागच्या खोलीकडे गेलो. भाईजान गिलावा करीत होते. सत्काराच्या रात्रीची गोष्ट मी त्यांच्यापुढे काढली आणि क्षमा मागितली. त्यांनी थापी थांबवली नाही. म्हणाले, "माल सुकतोय, घमेलं दे इकडं." मी बाह्या सरसावल्या आणि जुहरपर्यंत त्यांच्या हाताखाली राहिलो. हजरत आयशा (रजि.) यांना विचारले गेले होते की प्रेषित (स.) घरी काय करीत असत? त्यांनी सांगितले की ते घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की बाहेर पडत. ही हदीस मी अनेक वेळा शिकवली आहे. त्या दिवशी ती माझ्या खांद्यांना कळली.

वाचकहो, ज्यांच्या वाट्याला यश आले नाही त्यांच्याशीही दोन शब्द. आपल्या आप्ताच्या यशाने मन खिन्न झाले तर घाबरून जाऊ नये. मनात कळ उठणे हा गुन्हा नाही. त्या कळीच्या आहारी जाऊन वाईट चिंतणे, टोमणे मारणे, उणे काढणे हा हसद आहे, आणि त्यापासून सूरह अल-फलकमध्ये आश्रय मागण्यास शिकवले आहे. त्यावर उपायही कृतीतच आहे. उठावे, चार पावले चालून जावे आणि बरकतीची दुआ द्यावी. मन पुष्कळदा पायांच्या मागून येते.

आणि ज्यांना यश मिळाले आहे त्यांनी हजरत यूसुफ (अ.) यांच्याकडे पाहावे. मिसरचा अधिकार हाती असताना, आईवडील आणि भाऊ समोर असताना, त्यांनी कैदेतून सुटल्याचा उल्लेख केला, पण ज्या विहिरीत भावांनी टाकले होते तिचा केला नाही. भावाभावांत बिघाड घालण्याचा दोष त्यांनी शैतानवर ठेवला. यशाच्या सर्वोच्च क्षणी आपल्या माणसांची मान खाली जाणार नाही, याची काळजी घेणे, हे प्रेषितांचे चारित्र्य आहे.

म्हणून पुढच्या वेळी आपल्या घरी पेढे येतील तेव्हा पहिला पेढा कोणाच्या हातावर ठेवायचा, याचा क्षणभर विचार करावा. शुक्राचा सजदा करावा. मग घरात नजर फिरवून पाहावे, दगड आणून देणारा कोण होता? त्याचे नाव सर्वांसमक्ष घ्यावे. तो नको नको म्हणेल, तरीही घ्यावे.

अल्लाह आपल्या घरांतील प्रत्येक लहानमोठा प्रयत्न स्वीकारो, आपल्या मुलांना एकमेकांच्या आनंदाचे वाटेकरी बनवो आणि आपण ज्यांची नावे घ्यायला विसरलो त्यांची भरपाई आपल्या खजिन्यातून करो. आमीन.