पुरवून खाणं

शाश्वत विकास हा शब्द हल्ली तालुक्याच्या प्रत्येक शिबिरात ऐकू येतो. आमच्याकडं त्याला साधं पुरवून खाणं म्हणतात. दुष्काळात घरची म्हातारी कणगीतल्या बियाण्याला हात लावू द्यायची नाही. पोरं रडली तरी नाही. पण बियाणं घरातलं असतं, त्याच्यावर घरच्या बाईचा हुकूम चालतो. जमिनीखालच्या पाण्यावर कुणाचा चालायचा?

पाण्याला बांध कळत नाही. आमच्या शिवारात बोअरवर बोअर पडले, कुणाचा चारशे फूट, कुणाचा सहाशे. मग बांधालगतच्या वहिनींची चाळीस फुटी विहीर आटली. मला म्हणाल्या, "भावजी, मोटर चोरीला गेली असती तर पोलिसात गेले असते. हे कुठं सांगू?" मी काय सांगणार! बोअर मारणारा वाईट माणूस नाही. रान त्याचं, कर्ज त्याचं, पाणी लागलं नसतं तर बुडाला असता तोच. मग चोर कुणाला म्हणायचं? आणि चोरी झालीच नाही म्हणावं, तर वहिनींचं पाणी गेलं कुठं?

या प्रश्नाला पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी हात घातला होता. १९७२ च्या दुष्काळानंतर नायगावला त्यांनी पाणी पंचायतीचं काम उभं केलं. पाणी जमिनीच्या एकरांवर नाही, घरातल्या माणसांवर मोजायचं. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. ऊस लावायचा नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जायचा नाही. आणि ज्याला जमीनच नाही, त्यालाही वाटा.

हा शेवटचा नियम मला लई दिवस पटत नव्हता. ज्याला भिजवायला रान नाही, त्यानं पाणी घेऊन करायचं काय? मग ध्यानात आलं, पाऊस काही सातबारा बघून पडत नाही. भूमिहीन माणूस दुसऱ्याचं रान वाट्यानं करील, पण पाण्यात त्याचा शब्द राहील. शब्द असला म्हणजे माणूस गाव सोडून जायच्या आधी दोनदा विचार करतो.

उसाचं मात्र अवघड आहे. कांदा कधी रस्त्यावर ओतावा लागेल याचा नेम नाही, उसाला निदान ठरलेला दर आहे. पोरीचं लग्न तोंडावर आलेल्या बापाला ऊस लावू नको म्हणायचं, तर त्याच्या ज्वारी-हरभऱ्याला भाव कोण देणार? शहरातली मंडळी आम्हाला पाणी जपायला सांगतात आणि कांदा चार रुपयांनी चढला की ओरडतात. पाणी जपायचा खर्च एकट्या शेतकऱ्यानं का सोसायचा, हेही कुणीतरी त्या शिबिरात बोललं पाहिजे.

पुढच्या ग्रामसभेत मी माणशी अर्ध्या एकराचा विषय काढणार आहे. बोअरवाले अर्ध्यातून उठून जातील, हे धरूनच चाललोय. वहिनींना मात्र पुढं बसायला सांगितलंय.