‘करावं लागेल’ आणि ‘करता येईल’



आपल्या वसईत पूर्वी अंगणात सायकल असे, मग मोटरसायकल आली आणि आता बहुतेक आळ्यांत दोन-चार तरी मोटारगाड्या उभ्या दिसतात. गाडीमागोमाग सर्व्हिसिंग येते आणि सर्व्हिसिंगमागोमाग तक्रारी. अलीकडे घरभेटींच्या वेळी कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपविषयीची तक्रार इतक्यांदा आमच्या कानी आली की त्यावर लिहायचे ठरवले. हा विषय पत्रिकेला शोभतो का, असे कोणी विचारील. पैसा एका हातातून दुसऱ्या हातात जातो, त्यातल्या एकाला सगळे कळते आणि दुसऱ्याला काहीच कळत नाही, तिथे न्यायाचा प्रश्न असतोच.

तक्रारीचे स्वरूप साधारण सारखे. सकाळी गाडी दिली जाते. तिथला तरुण गाडीभोवती फेरी मारतो, जॉबकार्ड भरतो, ‘साडेतीन हजारांपर्यंत जाईल’ म्हणतो आणि सही घेतो. दुपारी फोन येतो. ‘सर, ब्रेक पॅड झिजलेत, इंजेक्टर क्लीनिंग करावं लागेल, एसीलाही वास येतोय. करून टाकू का?’ आपण त्या वेळी बँकेत, शाळेत नाहीतर विरार लोकलमध्ये. ब्रेकचे नाव निघाले की छातीत धस्स होते. मुलाबाळांना घेऊन फिरतो ना आपण! ‘करून टाका,’ असे तोंडातून निघून जाते. संध्याकाळी बिल नऊ हजारांचे, आणि जो आवाज घालवायला गाडी दिली होती तो घरी येईपर्यंत पुन्हा सुरू.

यात नेमके चुकीचे काय? केवळ दर जास्त म्हणून त्याला अन्याय म्हणता येणार नाही. अधिकृत वर्कशॉपला जागा लागते, शिकलेली माणसे लागतात, महागडी यंत्रे लागतात. नाक्यावरच्या गॅरेजपेक्षा तिथली मजुरी अधिक असणार. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात ‘सुम्मा’ या ग्रंथात खरेदी-विक्रीतील फसवणुकीवर एक पूर्ण प्रश्न खर्ची घातला आहे. वस्तूची न्याय्य किंमत पै-पैशापर्यंत काटेकोर ठरवता येत नाही, ती एक अंदाजाची गोष्ट असते, हे त्यांनाही मान्य होते. मात्र एका बाबतीत ते ठाम आहेत. घेणाऱ्याची गरज मोठी आहे एवढ्याच कारणासाठी विकणाऱ्याने किंमत वाढवू नये, कारण ती गरज घेणाऱ्याची आहे. विकणाऱ्याने आपल्या मालकीचे नसलेले विकायला काढले, असे होते. ब्रेकच्या भीतीला हे किती नेमके लागू पडते, पाहा.

त्याच ठिकाणी ते एक जुने उदाहरण घेतात. एक व्यापारी धान्य घेऊन टंचाईच्या गावात येतो. मागून आणखी धान्य येत आहे हे त्याला ठाऊक आहे, गावकऱ्यांना नाही. त्याने ते सांगायलाच हवे का? सांगितले तर तो अधिक सद्गुणी ठरेल. पण न सांगता चालू भावाने विकले तर न्यायाचा भंग होत नाही, असे संत थॉमस म्हणतात. सेमिनरीत हा उतारा शिकताना वर्गात नेहमी गडबड होत असे! मग वर्कशॉपवाल्यालाही हीच सवलत द्यावी का? आम्हाला तसे वाटत नाही. व्यापाऱ्याला जे ठाऊक होते ते उद्याच्या बाजाराविषयी होते. वर्कशॉपवाल्याला जे ठाऊक आहे ते खुद्द माझ्या गाडीविषयी आहे, आणि तेच जाणून घ्यायला मी त्याच्याकडे गेलो आहे. त्याच्या छातीवरच्या बिल्ल्यावर विक्रेता असे लिहिलेले नसते, सल्लागार असे लिहिलेले असते. वस्तूतील दोष माहीत असून दडवणे संत थॉमस यांना मुळीच मान्य नाही. मग नसलेला दोष दाखवणे कसे चालेल? आपल्या देशाच्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानेही सेवेतील त्रुटीची व्याख्या करताना संबंधित माहिती जाणूनबुजून दडवणे हे त्रुटीतच धरले आहे. आणि ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात सातव्या आज्ञेखाली, दुसऱ्याच्या अज्ञानाचा किंवा अडचणीचा फायदा घेऊन किंमत वाढवणे, वाईट रीतीने केलेले काम आणि खोटी बिले यांचा उल्लेख एकाच परिच्छेदात येतो (क्रमांक २४०९). वाईट काम हेही चोरीच्या पंक्तीत बसवले आहे, हे आपल्यातील सुतार, गवंडी आणि शिक्षकांनीही वाचून ठेवावे.

आपल्याच धर्मग्रामातील एक तरुण अशा वर्कशॉपमध्ये काम करतो. त्याने आम्हाला आपली बाजू सांगितली. (पापनिवेदनात नव्हे, ओट्यावर चहा घेताना, आणि लिहायला त्याची परवानगी आहे.) दर महिन्याला अमुक इतक्या गाड्यांना वरची कामे लावायची, असा त्याला आकडा दिलेला असतो. आकडा गाठला नाही तर भत्ता कापला जातो आणि सकाळच्या मीटिंगमध्ये सर्वांसमोर बोलणी बसतात. तो म्हणाला, ‘फादर, इंजेक्टर साफ केल्याने गाडीचं नुकसान तर होत नाही ना? मग यात पाप कुठे आलं?’

प्रश्न प्रामाणिक होता. आम्ही त्याला विचारले, ‘तू फोनवर कोणते शब्द वापरतोस?’ तो म्हणाला, ‘करावं लागेल.’ आमच्या मते खोटेपणा तिथे आहे. ‘करता येईल’ म्हटले असते तर ग्राहकाने भाव विचारला असता, थोडा विचार केला असता, कदाचित नको म्हटले असते. ‘करावं लागेल’ म्हटल्यावर त्याच्याकडे निवडच उरत नाही. क्रियापदातल्या एवढ्याशा फरकाने साडेतीन हजारांचे नऊ हजार होतात. आणि कामाने गाडीचे नुकसान झाले नाही म्हणून माणसाचे झाले नाही, असे नव्हे. त्याच्या खिशातून जे गेले ते त्याच्या खुशीने गेलेच नाही.

न्याय दुसऱ्या बाजूनेही हवा. कंपनी सुचवते ते सगळेच थोतांड नसते. समुद्राकाठच्या गावात गाडीला खालून गंज चढतो, तेव्हा त्यावरचे कोटिंग कामाचे असू शकते. ब्रेक पॅड खरोखरच झिजतात आणि वेळेवर बदलले नाहीत तर डिस्क खराब होऊन खर्च वाढतो. सगळेच चोर, असे म्हणत हिंडणे ही चहाडीची सोपी वाट आहे.

त्या तरुणाने पुढे विचारले, ‘नोकरी गेली तर?’ त्याला आम्ही लूकच्या शुभवर्तमानातील जकातदारांची आठवण करून दिली. आम्ही काय करावे, असे त्यांनी योहानाला विचारले, तेव्हा नोकरी सोडा असे तो म्हणाला नाही. ठरवून दिल्यापेक्षा अधिक घेऊ नका, एवढेच म्हणाला. आकड्याचे मुख्य पाप आकडा ठरवणाऱ्याच्या माथी आहे. हा मुलगा ‘करता येईल’ म्हणत राहिला तर त्याचा भत्ता बुडेल, आणि हा तोटा लहान आहे असे आम्ही म्हणणार नाही. त्याच्या घरचे हप्ते आम्हाला माहीत आहेत. पण न बदललेला भाग बदलला म्हणून बिलात लिहायला सांगितले, तर तिथे नाही म्हणावेच लागते. तिथे सबब नाही.

आता गाडीवाल्यांकडे वळू. ‘दुसरा गाल पुढे करावा, तक्रार कशाला?’ असे काही भाविक म्हणतात. आपल्यावरचा अपमान गिळणे वेगळे आणि उद्या शेजारणीला फसवणारी रीत चालू ठेवायला हातभार लावणे वेगळे. तक्रार करणे प्रेमाविरुद्ध नाही. मात्र ती योग्य ठिकाणी हवी. टेबलावरच्या पोरावर ओरडून काही मिळत नाही. दर त्याने ठरवलेले नसतात. लेखी तक्रार मॅनेजरकडे आणि कंपनीकडे द्यावी.

त्याआधी आपणही थोडे कष्ट घ्यावेत. गाडीसोबत मिळालेली पुस्तिका बहुतेकांच्या घरी प्लास्टिकच्या पिशवीतच असते. किती किलोमीटरला काय बदलायचे आणि इंजिनात किती लिटर ऑइल लागते, हे त्यात छापलेले असते. बिलातला आकडा त्याच्याशी ताडून पाहावा. अंदाजपत्रक लेखी घ्यावे आणि ‘मला विचारल्याशिवाय जास्तीचे काम नको’ असे सहीशेजारी लिहावे. काढलेले जुने भाग परत मागावेत; झिजलेला पॅड हातात धरला की बरेच कळते. नव्या भागाचा खोका पाहावा. त्यावरील एमआरपीमध्ये कर धरलेला असतो, त्यावर पुन्हा जीएसटी लावता येत नाही. फोन आला तर ‘हे आजच करावे लागेल की पुढच्या सर्व्हिसला चालेल?’ एवढे विचारावे. उत्तर देणारा बऱ्याचदा अडखळतो.

‘मग दुसरीकडे जा’ म्हणणे सोपे, पण वॉरंटीच्या भीतीने माणूस बांधला जातो. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि तपासणीची साधने बाहेरच्या गॅरेजना मिळू न देणे हा मुख्य ठपका होता, आणि बाहेर काम केले एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये, असेही आयोगाने म्हटले होते. प्रकरण पुढे अपिलात गेले. सामान्य माणसाची ही तक्रार निव्वळ कुरकुर नाही, एवढे तरी त्यातून दिसले.

आणखी एक गोष्ट, जी कोणी तक्रार म्हणून सांगत नाही. गाडी ठोकली की वर्कशॉपवाला म्हणतो, ‘जुना पोचाही याच क्लेममध्ये बसवून देतो.’ आपण खूश. तेव्हा बिल फुगलेले आपल्याला चालते, कारण भरणारी विमा कंपनी असते. तीच लेखणी, तोच कागद, तोच तरुण. आपल्या सोयीसाठी खोटे लिहायला लावलेला हात आपल्या बिलावर खरे लिहील, ही अपेक्षा आपण कशाच्या बळावर करतो?

ज्यांचे नुकसान झाले आहे त्यांना राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ या क्रमांकावर फोन करता येतो. तिथे काम झाले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. आपण राहतो त्या ठिकाणच्या आयोगाकडे अर्ज करता येतो, दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील केलाच पाहिजे असे नाही. मात्र दोन वर्षांच्या आत जावे लागते. अर्ज लिहायला मदत हवी असेल तर रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर धर्मग्राम कार्यालयात यावे. बिल, जॉबकार्ड आणि जुने भाग मिळाले असतील तर तेही सोबत आणावेत.

आपले धर्मगुरू