तात्यांची वही

वाईला कृष्णेच्या घाटापासून दोन गल्ल्या आत तात्यांचं घर. पतपेढीतून निवृत्त झाले, पण वहीची सवय सुटली नाही. रोज सकाळी परसातल्या ओट्यावर बाजरी टाकायची आणि लिहायचं, ‘पाखरांस, अर्धा किलो.’ महिनाअखेर बेरीज. ही बेरीज वर कोणाला दाखवायची होती, देव जाणे!

पाखरं यायची; म्हणजे पारवेच यायचे. पहिल्या वर्षी पाच-सहा, तिसऱ्या वर्षी पन्नासेक. सुनेला वाळत घातलेले कपडे पुन्हा धुवावे लागत. चिमण्यांची एकच जोडी उरली होती, वळचणीला, वाशाच्या सांदीत.

परसात लिंबाचं झाड होतं. त्यावर अळ्या पडत. लहान असताना पाखराच्या शिटेसारख्या दिसणाऱ्या, मोठ्या झाल्या की पानासारख्या हिरव्यागार. तात्या दर रविवारी पंपानं औषध मारत. लिंबावर, जास्वंदीवर, तुळस सोडून सगळ्यावर. एका हातानं दाणे, दुसऱ्या हातानं फवारा. वहीत मात्र दाण्यांचंच पान.

वैशाखात नात सुट्टीला आली. वळचणीतून चिवचिव ऐकू येत होती. ती पायरीवर बसून राहायची.

“आजोबा, चिमणी पिल्लांना तुमची बाजरी नेतच नाही. सारखी लिंबावर जाते, जास्वंदीवर जाते आणि रिकामीच येते.”

“दाणा मोठा होत असेल गं.” तात्यांनी बाजरी भरडून कण्या केल्या. चिमणीनं त्यातल्या चार स्वतः टिपल्या आणि पुन्हा लिंबावर गेली.

तिसऱ्या दिवशी वळचणीखाली दोन पिल्लं मरून पडली होती. पिसंही फुटली नव्हती.

भांडी घासायला येणाऱ्या मावशींनी ती पाहिली. “आवं तात्या, तान्ह्या लेकराला भाकर कोन घालतं का? त्यास्नी अळी लागती, किडा लागतो. तुमी तर झाडच धुऊन काढलंय.”

मावशी शाळेत गेलेल्या नव्हत्या, पण त्यांचं बरोबर होतं. चिमणी स्वतः दाण्यावर जगते. पिल्लं मात्र अळ्या-किड्यांवर वाढतात. पारव्याचं तसं नाही. नर-मादी दोघांच्याही गळ्यातल्या पिशवीत दुधासारखा पदार्थ तयार होतो आणि पिल्लं त्यावर पोसतात. म्हणून नुसत्या दाण्यावर पारव्याचा संसार चालतो, चिमणीचा चालत नाही. तीन वर्षं तात्या पारवेच पोसत होते.

त्या दिवशी वहीत काही लिहिलं गेलं नाही. पंप भंगारात गेला. बाजरी अर्ध्या किलोवरून मूठभर झाली. पारवे आठवडाभर पत्र्यावर रुसून बसले, मग गावातल्या दुसऱ्या दात्याकडे गेले. परसाच्या कोपऱ्यातलं गवत तात्यांनी वाढू दिलं आणि एका परळात पाणी ठेवलं.

आषाढात लिंबाची कोवळी पालवी जाळीदार झाली. तात्यांचा जीव तुटायचा. दोनदा ते अळ्या वेचायला उठले आणि दोनदा परत बसले. वळचणीत पुन्हा चिवचिव सुरू झाली होती. चोचीत हिरवी अळी धरून चिमणी त्यांच्या डोक्यावरूनच ये-जा करत होती.

सुनेला लोणच्यासाठी लिंबं बाजारातून आणावी लागली. वहीत त्या महिन्याची एकच नोंद आहे : ‘लिंबं अकरा. पिल्लं तीन, तिन्ही उडाली.’