दबा, बगल आणि धर्म

मेजावर युद्ध खेळण्याचा एक छंद आहे. चार-सहा फूट लांबीच्या मेजावर टेकड्या, ओढे, राने व वाड्या मांडावयाच्या, बोटभर उंचीचे रंगविलेले सैनिक समोरासमोर उभे करावयाचे आणि मोजपट्टी व फासे घेऊन नियमपुस्तकाप्रमाणे लढाई करावयाची, असे त्याचे स्वरूप. सुरतेतील आमच्या बिऱ्हाडी हा छंद आमच्या भाच्याने आणला, आणि अनेक रविवार आम्ही त्याच्यासमोर सेनापती म्हणून बसलो. वकिली करणाऱ्या प्रौढ गृहस्थाने असल्या खेळात काय शिकावे, असे कोणी विचारील. आम्ही जे शिकलो ते फारसे भूषणावह नाही. म्हणूनच ते लिहिणे अवश्य वाटते.

या खेळातील सर्वांत नाजूक नियम दोन: बगलेचा आणि दब्याचा. सैनिकांच्या रांगेला तोंड असते, तशाच दोन कुशी असतात. कुशीवर घाला आला तर रांगेला तोंड फिरविण्यास अवधी मिळत नाही, म्हणून बगलेवरील हल्ल्याचा मार अधिक धरतात. परंतु हल्ला बगलेवर झाला की समोरून, हे अनेक नियमपुस्तकांत चाल सुरू होताना हल्लेखोर कोठे उभा होता यावरून ठरते. समोर उभे राहून ऐन वेळी बाजूला सरकणाऱ्यास तो लाभ मिळत नाही.

दब्याचे कोडे याहून अवघड. बुद्धिबळाच्या पटावर सारे उघडे असते. तेथे मोहरा लपविता येत नाही. खऱ्या युद्धात मात्र रानामागे कोण आहे हे शत्रूस ठाऊक नसते. हे अज्ञान मेजावर आणावयाचे कसे? प्रशियात राइसवित्झ याने १८२४ साली सिद्ध केलेल्या युद्धखेळात त्यासाठी पंच नेमला होता. संपूर्ण नकाशा पंचापुढे असे; खेळाडूस त्याच्या सैन्याला दिसू शकेल तेवढेच कळे. एच. जी. वेल्स याने १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात मांडलेल्या खेळात दोन्ही पक्ष आपापली फौज मांडीत असताना मध्ये पडदा असे. घरगुती खेळात पंच कोठून आणावा? तेथे चिठ्ठी असते. दबा धरलेली तुकडी कोठे आहे, किंवा वळसा घालून ती मेजाच्या डाव्या अंगाने येणार की उजव्या, हे डावापूर्वी लिहून कागद घडी घालून ठेवावयाचा. वेळ आली की चिठ्ठी उघडावयाची.

या चिठ्ठीचे मर्म आमच्या वाचकांस वेगळे सांगावयास नको. देवापुढे कौल लावताना कोणती पाकळी पडली तर काय समजावयाचे, हे पाकळी लावण्यापूर्वीच बोलले जाते. पाकळी पडल्यावर अर्थ लावू लागलो, तर तो देवाचा कौल न राहता आपल्या इच्छेचा होतो. चिठ्ठीचेही तसेच. ती प्रतिपक्षापासून गुप्त असते, सत्यापासून नव्हे.

असो. एका रविवारी आम्ही चिठ्ठीत एकच शब्द लिहिला: ‘डावीकडून’. चौथ्या फेरीपर्यंत भाच्याने आमचा मनसुबा ओळखून आपल्या तोफा आमच्या डाव्या अंगाकडे वळविल्या होत्या. आम्ही क्षणभर विचार केला आणि घोडदळ नेमके दुसऱ्या अंगाने आणले. त्याने चिठ्ठी उघडली. आम्ही म्हणालो, “डावी म्हणजे शत्रूची डावी. कोणाची, ते चिठ्ठीत लिहिलेले नाही.” तो कागदाकडे पाहत राहिला, मग मान्य करून त्याने आपल्या तोफा उचलल्या. डाव आम्ही जिंकलो. सैनिक पेटीत भरताना त्याने एवढेच विचारले, “मामा, चिठ्ठी लिहिली तेव्हा तुमच्या मनात कोणती डावी होती?” आम्हांस उत्तर देता आले नाही; म्हणजे देता येत होते, पण दिले नाही.

दबा धरणे हाच मुळी अधर्म आहे, असे म्हणून सुटता येत नाही. कौटिल्याने स्थळ-काळ सांगून केलेल्या युद्धास प्रकाशयुद्ध म्हटले, आणि ज्याचे बळ व भूमी अनुकूल आहे त्याने ते करावे, तसे नसेल त्याने कूटयुद्धाचा आश्रय घ्यावा, असे सांगितले. दबा हे बहुधा दुबळ्याचे शस्त्र आहे. १६६१ साली उंबरखिंडीत कारतलबखानाची मोठी फौज अरुंद वाटेत कोंडली गेली, तेव्हा शिवाजी महाराजांनी रानाचा व डोंगराचा उपयोग केला. त्यास कपट म्हणणे म्हणजे दुबळ्याने बलवानाच्या सोयीच्या मैदानावरच मरावे असा आग्रह धरणे होय.

मग दबा आणि दगा यांतील सीमा कोठे आहे? आम्हांस ती आमच्याच सुरतेच्या इतिहासात सापडते. जानेवारी १६६४ मध्ये महाराज या शहरावर चालून आले. आपण बादशाही फौजेपैकी आहोत अशी आवई वाटेत उठविली गेली होती. शहराजवळ आल्यावर मात्र त्यांनी निरोप धाडून सुभेदार इनायतखान व शहरातील बडे व्यापारी यांना खंडणी ठरविण्यास बोलाविले, आणि न आल्यास परिणाम काय होईल हेही कळविले. खान तापीकाठच्या किल्ल्यात जाऊन बसला. पुढे त्याने तहाची बोलणी घेऊन एक वकील पाठविला, आणि त्या वकिलाने बोलता बोलता महाराजांवर खंजीर चालविला. अंगरक्षकाने त्याचा हात तोडला. महाराज पडले असे वाटून छावणीत कैद्यांच्या कत्तलीची आरोळी उठली. महाराजांनी उठून कत्तल थांबविली. काही कैद्यांना तरीही कठोर शासन झाले, आणि शहरही लुटीतून व आगीतून सुटले नाही. सुरतेत राहणाऱ्या आम्हांस ते विसरता येत नाही. परंतु येथे प्रश्न एवढाच आहे की, आवई आणि खंजीर यांत भेद कोणता?

आमच्या मते भेद हा: आवई उठविणारा शत्रूच्या अज्ञानात लपला, वकील नियमात लपला. दूत अवध्य आहे आणि दूताने शस्त्र चालवू नये, या एका विश्वासावर युद्धातही दोन शत्रू बोलू शकतात. त्या विश्वासाचेच ज्याने झुडूप केले, त्याने केवळ एका शत्रूवर वार केला नाही; पुढच्या प्रत्येक दूताची वाट बंद केली. रानात लपावे, डोंगरात लपावे, अंधारात लपावे. नियमात लपू नये.

हीच कसोटी लावली म्हणजे वालीचा प्रश्न अधिक तीव्र होतो. प्रभू रामचंद्रांनी वालिवधाचे वचन सुग्रीवास अग्निसाक्षीने आधीच दिले होते. त्यांची चिठ्ठी लिहिलेली होती. बाण सुटला तेव्हा ते दृष्टीआड होते. पण वाली त्या वेळी दुसऱ्याशी द्वंद्वात गुंतला होता. राम केवळ रानाआड होते की द्वंद्वाच्या नियमाआडही होते, हेच वाली मरता मरता विचारतो. वाल्मीकींनी तो प्रश्न गाळला नाही, आणि उत्तर देऊनही त्याची धार बोथट केली नाही.

आमच्या व्यवसायातही दब्यास जागा आहे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे वादीने आपल्या आधाराचे दस्तऐवज दाव्यासोबत व प्रतिवादीने कैफियतीसोबत हजर करावयाचे असतात. ऐन वेळी कागद काढून प्रतिपक्षास चकित करणे कायद्यास मान्य नाही. तथापि प्रतिपक्षाच्या साक्षीदाराच्या उलटतपासासाठी राखलेल्या कागदास त्याच संहितेने सूट दिली आहे. कारण असत्य पकडावयाचे तर त्यास आधी सावध करून चालत नाही. हा दबा नियमाने आखून दिलेला आहे. परंतु कैफियतीत मुद्दाम दुहेरी अर्थाचा शब्द पेरून, निकालाच्या वेळी सोयीचा अर्थ काढणारा वकील नियमाला बगल देतो. अशा वकिलांविषयी आम्ही अनेकदा तिरस्काराने बोललो आहोत.

चिठ्ठी आमचीच होती, आणि शब्द लिहिताना आमच्या मनात आमचीच डावी होती. पुढच्या रविवारी आम्ही भाच्यास ते सांगितले. त्याने डावांची वही काढली, आमच्या नावापुढील विजय खोडला आणि काही न बोलता टेकड्या मांडू लागला. त्या दिवशीच्या चिठ्ठीत आम्ही लिहिले: ‘आमच्या डाव्या हाताकडून.’ त्याने मनसुबा पुन्हा ओळखला, तोफा वळविल्या, आणि आम्ही हरलो.