कुर्बान

आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. ती नगरला, मी खराडीत. आमच्या बायपासवरून नगरच्या गाड्या दिवसभर जातात, तीन तासांची वाट. मी गेलो नाही. त्या दिवशी मंडळीची उपवास-प्रार्थना होती आणि वचन मी सांगायचं होतं. "देवाचं काम आहे, आई," म्हणालो. "बरं बाळा," म्हणाली. बहिणीनं रजा टाकली आणि तिला घेऊन गेली.

सभेत मी आईसाठी मोठ्यानं प्रार्थना केली. गळा दाटून आला. नंतर दोघातिघांनी हात धरून म्हटलं, "भाऊ, समर्पण असावं तर असं." ते ऐकायला मला फार बरं वाटलं. वचन सांगणारे त्या खोलीत आणखी तिघे होते. मग मी का थांबलो? प्रभूसाठी?

शिष्यत्वावर बोलताना मी लूकचा चौदावा अध्याय काढतो, आईबापांहूनही प्रभू आधी, आणि कवी नारायण वामन टिळकांचं उदाहरण देतो. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला, घर तुटलं, तरी मागे फिरले नाहीत. मी नेहमी इथंच थांबतो. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी लहानग्या मुलाला, दत्तूला, घेऊन काढलेली ती ताटातुटीची वर्षं सांगत नाही. पुढे त्या नवऱ्याजवळ नगरला आल्या आणि १९०० मध्ये स्वतःच्या विचारानं बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात त्यांनी टिळकांचा तापट स्वभाव लपवला नाही, घरातलं दुसऱ्याला देऊन टाकण्याची सवय लपवली नाही, त्यांच्यावरची मायाही लपवली नाही. परवा ते पुस्तक पुन्हा वाचलं. टिळकांनी जात, आप्त, समाजातली जागा, सगळं घालवलं. मी काय घालवलं? मला तर मान मिळाला. रजा बहिणीची गेली, आणि डोळ्याला पट्टी बांधून आई तिच्या खांद्याला धरून घरी आली.

मार्कच्या सातव्या अध्यायात प्रभू शास्त्र्यांना विचारतो, आईबापांना द्यायचं ते 'कुर्बान' म्हणून देवाला वाहिलं की सुटलात का? हे वचन मी कितीदा वाचलंय! दर वेळी मला त्यात शास्त्रीच दिसले.

पण मग घर नेहमीच आधी का? तसं असतं तर टिळकांनी घरीच बसायला हवं होतं, आणि ते मला पटत नाही. लूकचं वचन सैल करायचा मला अधिकार नाही. एवढंच कळतं की प्रभूनं ज्याचा त्याला वधस्तंभ उचलायला सांगितला, आणि मी माझा बहिणीच्या खांद्यावर दिला. प्रभू स्वतः वधस्तंभावर खिळलेला असताना आईला शिष्याच्या हवाली करत होता. त्या वेदनेतही त्याला तिची आठवण होती.

आईच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या गुरुवारी आहे. मी येतो, असं बहिणीला कळवलंय. सभाही त्याच दिवशी आहे. पाळकांना अजून सांगितलेलं नाही.