नाव कशासाठी?

निष्काम कर्माचा विचार आमच्या घरात रोजच्या बोलण्यातला. त्यामुळे वास्तुरचनाकार झाल्यावर प्रश्न पडायचा: कामावर आपलं नाव हवंच कशाला? अंबरनाथचं शिवमंदिर १०६० सालचं, पण तिथल्या पाथरवटांना आज कोण ओळखतं?

मुंबईत १९१७ साली जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या माजी विद्यार्थ्यांनी संघटना काढली. पहिले अध्यक्ष वास्तुरचनाकार जॉर्ज विटेट. १९२९ पासून तीच इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स. तिच्या नियतकालिकाचे जुने अंक चाळताना माझं मत पालटलं. व्यावसायिकाचं नाव नोंदवायचं ते मिरवण्यासाठी नव्हे. उद्या सज्जा कोसळला, तर उत्तर कुणी द्यायचं हे ती नोंद सांगते. फळावरचा हक्क सोडता येतो, केलेल्या कामाचं उत्तरदायित्व सोडता येत नाही. गीतेतला अर्जुनही रणातून सुटत नाही, फक्त आसक्तीतून सुटतो.

म्हणूनच अशा नोंदींची दप्तरं वाळवीच्या तोंडी देणं मला अधर्म वाटतो. आणि नोंद ही जबाबदारीची असेल, तर ती अपुरी का ठेवायची? गवंडी, सुतार, आरेखक यांचीही नावं प्रत्येक इमारतीच्या कागदांत आली पाहिजेत. कर्तेपणाचा अहंकार विरतो तो नाव पुसल्याने नाही, सोबतच्यांची नावं लिहिल्याने.